दिव्यावरची पट्टी

साळूबाई जीपमध्ये बसली की तिचं पहिलं काम ठरलेलं. स्टीअरिंगमागच्या काचेवरची काळी पट्टी उपटायची. वायरमन लोक तारेला गुंडाळतात तीच ती चिकटपट्टी, नखाएवढा तुकडा. रोज दुपारी तो तिथं चिकटलेला असायचा, आणि रोज दुपारी साळूबाई तो खरवडून काढायची, त्याची गोळी करून खिडकीबाहेर भिरकावायची आणि मगच चावी फिरवायची. दोन वर्षं हा खेळ चालला होता. चिकटवणाराही थकला नाही आणि उपटणारीही थकली नाही.

त्या पट्टीखाली एक दिवा होता. इंजिनातलं पाणी उकळायला आलं की तो लाल पेटतो. सगळ्या गाड्यांना असतो, तुमच्याही गाडीला असेल. पण इंद्रजीतदादांच्या सहाही जीपांमध्ये त्या दिव्याचे डोळे बांधलेले. इंद्रजीतदादा म्हणजे मालक. शहरातल्या छावणी भागात त्यांचं गाड्या उभ्या करायचं आवार, आणि चितेगावच्या कारखान्यात बायांना नेण्या-आणण्याचं कंत्राट. त्यांचा हिशोब सरळ होता. दिवा पेटला की ड्रायव्हर थांबतो, ड्रायव्हर थांबला की पाळी चुकते, पाळी चुकली की कंपनी बोंबलते. मग दिवाच दिसू द्यायचा नाही! वा रे अक्कल! उद्या घरात धूर झाला तर हे नाकात बोळे घालून झोपतील.

कुणी विचारलं तर म्हणायचे, "सेन्सर खराब हाय. उगीच पेटतो. बाया घाबरतात."

सेन्सर ठणठणीत होता. खराब होतं ते पाणी. आवारातल्या बोअरचं पाणी इतकं जड की त्याचा चहासुद्धा मचूळ लागायचा. तेच पाणी इंजिनात. साळूबाईनं चारदा सांगून पाहिलं होतं, "दादा, ते हिरवं कूलंट घाला. बोअरच्या पाण्यानं माझ्या घरच्या पातेल्याला बोटभर पांढरा थर बसतो, तिथं रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होत असंल?" दादा हसायचे. म्हणायचे, "वहिनी, तुम्ही फक्त चालवा."

वहिनी कामून? तर साळूबाईचा नवरा बद्रीनाथ हा आधी याच जीपवर ड्रायव्हर होता. चौदा वर्षं. तो माणूस गाडीशी बोलायचा. साळूबाईला गाडी त्यानंच शिकवली, रविवारच्या रिकाम्या मैदानात. ती मूळची अजिंठ्याच्या बाजूची. माहेरी भाऊ जेवायला बसले की ही ट्रॅक्टर काढून बांधापर्यंत नेऊन आणायची आणि शिव्या खायची. लायसन घ्यायला गेली तेव्हा अडतीस वर्षांची होती. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, हौसेसाठी का?" ती म्हणाली, "नाय, पोटासाठी. तुमच्यावाणीच."

तर बद्रीनाथ. अडीच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यानं तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं उसळून त्याच्या हनुवटीवर, गळ्यावर, उजव्या हातावर आलं. तीन महिने दवाखान्यात. हात आता मुठीत वळत नाही, मग स्टीअरिंग कसं धरणार? लोक म्हणायचे, बद्रीनाथनं घाई केली. मालक म्हणायचे, घाई केली. बद्रीनाथ स्वतःसुद्धा हेच म्हणायचा, "माझीच घाई झाली." आणि गळ्याभोवतीचा रुमाल हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचा. भर वैशाखात, घरातसुद्धा, तो रुमाल सुटत नव्हता.

खरी गोष्ट घरातल्या दोघांनाच ठाऊक. त्या दिवशी फोन कानाला लावून उभा होता बद्रीनाथ, आणि पलीकडून इंद्रजीतदादा ओरडत होते, "थांबतो काय येड्या? झाकण उघड, पाणी वत, अन् निघ! गिऱ्हाईक खोळंबलंय." चौदा वर्षांची सवय. मालकानं सांगितलं, यानं उघडलं. दवाखान्यात मालक संत्री घेऊन आले. म्हणाले, "झालं ते झालं. बोभाटा करू नको. तुझी सीट मी घराबाहेर जाऊ देत नाय. वहिनींना बसव." असं ते ठरलं. साळूबाईची सीट म्हणजे बद्रीनाथच्या तोंडाला लावलेलं कुलूप होतं. हे तिला रोज, स्टीअरिंगला हात लावताना, आठवायचं. तिनं सीट घेतली, पण पट्टी नाही घेतली.

आता त्या दुपारची गोष्ट ऐका.

मे महिना. दुपारची पाळी साडेतीनची, साडेतीनला कारखान्याचं गेट बंद. मुकुंदवाडीतून आठ बाया घेऊन साळूबाई निघाली, बायपास संपवून पैठण रस्त्याला लागली. तिच्या मागच्याच सीटवर मालनबाई. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत, गाडीत तिचं राज्य. तिच्या बाजूला मेघा, लग्नाला वर्ष झालेली. तिला महिन्यात दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर यादीतून नाव कमी. हे ती चढल्यापासून तीनदा सांगून बसली होती.

नक्षत्रवाडी मागं पडली, चढ लागला, आणि दिवा पेटला.

साळूबाईनं पाय हलका केला. मग तिनं हिटरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गाडीत भट्टीची हवा सुटली. बाया किंचाळल्या.

"अगं बाई! येडी झाली का ही? एवढ्या उन्हात हिटर!" मालनबाई म्हणाली.

"इंजिनाची गरमी बाहेर काढायलेय. दोन मिन्टं सोसा. कडंला जागा बघते."

"आमची गरमी कोण काढणार?"

पुढं एक लिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीला साळूबाईनं गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. उतरून तिनं चाकाला दगड लावला, बॉनेट वर केलं आणि चार पावलं मागं सरकून उभी राहिली. बस्स. हात कशालाच लावला नाही.

"आता?" मेघानं विचारलं.

"आता थांबायचं. अर्धा तास, पाऊण तास."

"पाऊण तास! तीन वाजून गेले ना माय! अन् कारखाना राह्यलाय किती, चार-पाच किलोमीटर!" मेघाला रडूच फुटलं. "माझी बाटली घ्या, वता पाणी अन् चला ना!"

"त्या झाकणाला आत्ता कुणी हात लावायचा नाय," साळूबाई म्हणाली. "पाणी तूच पी."

मग मालनबाई सुरू झाली. काय काय बोलली, विचारू नका. बाईच्या हातात गाडी दिली की हे असंच. आधीचा ड्रायव्हर कसा का असंना, वेळेवर तर पोचवायचा. हिला दिव्याचं भूत लागलंय. बाकीच्या बाया माना हलवत होत्या. साळूबाईला वाईट वाटलं, लई वाटलं. या बायांबरोबर तिनं दोन वर्षं डबे वाटून खाल्ले होते. पण चावी तिनं ब्लाउजमध्ये टाकली आणि दगडावर बसून राहिली.

फोन वाजला. इंद्रजीतदादा. बायांपैकी कुणीतरी कळवलं असणार.

"वहिनी, थांबल्या म्हणं?"

"गाडी उकळली दादा. पाइप फुटल्यावाणी दिसतोय. खाली थेंब गळायलेत."

"अहो, झाकण उघडा, पाणी वता, अन् निघा! चार किलोमीटरला काय धाड भरली?"

शब्द तेच होते. अगदी तेच. साळूबाईला असा संताप आला की तिचे कान तापले.

"नाय उघडणार," ती म्हणाली.

"काय म्हणले?"

"झाकण मी उघडणार नाय. अन् गार झाल्याबिगर गाडी हलणार नाय. तुम्ही या अन् तुमच्या हातानं उघडा. मी फोन धरून उभी राहते."

 मग दादांचा आवाज एकदम थंड आला. "कडुबाला धाडतो. त्याच्या गाडीत बाया बसवा, चावी त्याला द्या अन् घरी जा. उद्यापासून येऊ नका."

झालं. सीट गेली. साळूबाईनं फोन पदरानं पुसला आणि कनवटीला लावला.

दहा मिनिटांत कडुबा आला. दादांचाच ड्रायव्हर, बद्रीनाथच्या बरोबरीचा, शांत माणूस. त्याची जीप थांबायच्या आधीच बाया पदर खोचून धावल्या आणि आत कोंबून बसल्या. मेघा तर दारातच अडकली. साळूबाई चालत कडुबाच्या खिडकीपाशी गेली. इंजिनाचा घरघराट नेहमीपेक्षा जड वाटत होता, आणि तापलेल्या पाण्याचा तो गंजका वास आला. हा वास तिच्या नाकात अडीच वर्षं बसलेला होता.

"कडुबा, पट्टी काढ."

"राहू द्या न वहिनी," कडुबा तिच्याकडं न बघता म्हणाला. "उशीर व्हायलाय."

साळूबाईनं खिडकीतून हात घातला आणि पट्टी खर्रकन उपटली.

खाली दिवा लाल पेटलेला होता. कधीपासून पेटलेला होता देव जाणे.

 मागच्या बाया माना लांब करून बघायला लागल्या. मालनबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"कडुबा, तुला ठावं होतं?" साळूबाईनं विचारलं.

"वर्षभर काढलीच नाय ती पट्टी," कडुबा म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "काढली असती अन् दिसलं असतं, तर काय केलं असतं मी? तुमच्यासारखी छाती नाय माझी, वहिनी."  मग त्यानं चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. "उतरा, बायांनो," तो म्हणाला.

बाया उतरल्या. आता तुम्हाला वाटेल, त्यांनी साळूबाईला मिठ्या मारल्या. कसल्या मिठ्या! फुफाट्यातून पायी निघाल्या त्या, आणि जाताना मेघा म्हणाली, "माझं नाव कटलं ना, तर तुमच्या दारात येऊन बसंन." गेटवर पोचेपर्यंत पावणेपाच झाले. आत घेतलं, पण सगळ्यांच्या नावापुढं उशिराचा शेरा पडला. मेघाचा तिसरा. साहेब म्हणाले, उद्या बघू तुझं काय करायचं ते.

इकडं गाडी गार झाल्यावर साळूबाईनं जाड फडकं घडी करून झाकणावर ठेवलं आणि हळूहळू फिरवलं. आत थेंब नव्हता. खालचा पाइप उभा फाटलेला. पाणी ओतलं असतं तरी ते खालून रस्त्यावरच गेलं असतं. "बघितलं?" ती कडुबाला म्हणाली. कडुबानं बघितलं. दोन्ही गाड्या ओढून आवारात नेईस्तोवर दिवस मावळला, आणि तिथंच तिनं चावी खिळ्याला अडकवली. फाटका पाइप मात्र तिनं पिशवीत घालून घरी आणला.

घरी बद्रीनाथनं भाकरी थापून ठेवल्या होत्या, डाव्या हाताच्या जाड्याभरड्या भाकरी. दादांचा फोन त्यालाही येऊन गेला होता.

"कामून नादाला लागली त्यांच्या?" तो म्हणाला. "गप बसलो म्हणून सीट राहिली होती. ती पण घालवली."

साळूबाईनं पाइप त्याच्यापुढं टाकला. "मी काय चुकले सांगा. तुम्ही सांगा. चौदा वर्षं चालवली ना गाडी? झाकण उघडायला पाहिजे होतं का मी?"

बद्रीनाथनं पाइप उचलला. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. आत पांढरा थर इतका जाड होता की बोट जेमतेम शिरत होतं.

"नाय," तो म्हणाला.

"मग? तुमची घाई, माझी भीती. असं किती दिवस आपल्याच डोक्यावर घ्यायचं? मला सीट गेल्याचं दुःख हाय, खोटं नाय बोलत. ती सीट माझा जीव हाय. पण रोज रात्री भाकर खाताना तुम्ही तो रुमाल वर ओढता ना, ते बघून मला घास गिळवत नाय. घाई तुमची नव्हती. हे तुम्ही मलासुद्धा एकदा तोंडानं म्हणले नाय."

 बद्रीनाथनं जेवण अर्धंच केलं. पाइप तेवढा त्यानं धुतला, पुसला आणि फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता साळूबाई मुकुंदवाडीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. गाडी नाही, चावी नाही, काम नाही. पण घरी बसली असती तर सगळ्यांनी म्हटलं असतं की तोंड लपवून बसली. तोंड लपवायला तिनं केलं काय होतं? बाया एकेक करत जमल्या. कुणी धड बोललं नाही. मेघा दुसरीकडं तोंड करून उभी होती. मालनबाईनं नुसतं विचारलं, "जेवलीस का?"

जीप आली. कालचीच, कडुबाची. पण कडुबा नव्हता. तो त्या दिवशी कामावरच आला नव्हता. स्टीअरिंगवर खुद्द इंद्रजीतदादा होते, काळा चष्मा लावून.

"चला, बसा पटापट!" ते म्हणाले. मग साळूबाई दिसली. "तुम्ही इथं कशाला?"

"रस्ता सगळ्यांचा हाय," साळूबाई म्हणाली.

दादा बायांकडं बघून हसले. "कालचं मनावर घेऊ नका. या घरातलं हे असंच. नवऱ्याला घाई अन् बायकोला भ्या. दोघांच्या मधे आमच्या गाड्यांचं वाटोळं."

साळूबाईनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी मागून आवाज आला.

"घाई माझी नव्हती."

बद्रीनाथ होता. तो कधी येऊन उभा राहिला कुणाला कळलं नव्हतं. हातात कालचा पाइप. तो दोन पावलं पुढं आला, जीपच्या खिडकीसमोर, आणि डाव्या हातानं गळ्याभोवतीच्या रुमालाची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. साळूबाई पुढं झाली तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. गाठ सुटली. रुमाल खाली आला.

हनुवटीपासून छातीपर्यंत कातडी वितळून आवळल्यासारखी झाली होती. गल्लीतल्या बायांनीसुद्धा ते कधी पाहिलं नव्हतं. मेघानं तोंडावर हात धरला.

"मी थांबलो होतो," बद्रीनाथ म्हणाला.  "गाडी गार होऊ द्यायची म्हणून थांबलो होतो. फोन तुमचा आला, दादा. झाकण उघड म्हणाले, मी उघडलं. काल हिला पण तेच म्हणाले. हिनं नाय उघडलं. ही भ्याली नाय. मी भ्यालो होतो, तुम्हाला."

पाइप त्यानं मालनबाईच्या हातात दिला. मालनबाईनं तो डोळ्यापुढं धरला, आतला थर नखानं खरवडून बघितला. मग ती खिडकीपाशी गेली.

"दादा, पट्टी काढा."

"कसली पट्टी? सेन्सर खराब हाय तो."

"मग काढा की. खराब दिव्याला कशाला भ्यायचं?"

"हे बघा मालनबाई, पावणेतीन झाले. उशीर झाला तर तुमचं नुकसान."

"होऊ द्या," असं म्हणाली ती मेघा. सगळ्यांनी वळून बघितलं. "माझं नाव तर काल कटल्यातच जमा हाय. पट्टी काढल्याबिगर मी बसणार नाय. अन् गाडी साळूबाईच चालवतील. नायतर मी एसटीनं जाईन, नाय भेटली तर घरी बसंन."

कुणीही पायरीवर पाय ठेवला नाही. आठही बाया रस्त्यात उभ्या. मागं रिक्षावाले हॉर्न मारायला लागले, एक ओरडला, "चलो जी, क्या तमाशा लगाये?" दादांनी चष्मा काढला, परत लावला. शेवटी हात पुढं केला आणि नखानं पट्टी उचकटली.

दिवा लाल. आवारातून इथवर येतानाच गाडी तापली होती.

साळूबाईनं ड्रायव्हरचं दार उघडलं. "आधी इंजिन बंद करा," ती म्हणाली. "मग उतरा."

दादांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले, आणि उन्हात, बायांच्या मधे, कुठं उभं राहावं हे न कळून बाजूला सरकले. साळूबाई सीटवर चढली. सीट पुढं ओढली, आरसा नीट केला. चावीला हात लावला नाही.

"किती वेळ?" मालनबाईनं विचारलं.

"अर्धा तास. हिरवं कूलंट आणायला सांगा दादांना, तोवर दुकान गाठतील."

बद्रीनाथ बॉनेटपुढं आला. हातातला रुमाल त्यानं झटकला, चार घड्या घालून जाड केला आणि खिडकीतून साळूबाईच्या हातात दिला.

"झाकणाला हा घे," तो म्हणाला. "मला आता लागत नाय."